तीन अक्षरांचा मासा

ताईच्या पायाशी वाकून थवीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींच्या कवड्याने दाणे सोडले होते, तो पुन्हा खायला लागला का? (कवडा खात नाही म्हटल्यावर भावोजीही जेवत नसणार, म्हणून विचारतो.) इकडे लाम्पांगला सगळं क्षेमकुशल. म्हणजे तुझी भावजय रबियाप क्षेमकुशल आहे. माझीही प्रकृती उत्तम आहे असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टरांना खम्पान कुठे माहीत आहे?

स्टेशनसमोर खाव सोयच्या शेवयांचं दुकान आहे बघ, तू मागच्या खेपेला दोन वाडगे खाल्लेस आणि तिसऱ्याकडे बघत बसलीस, त्या दुकानाचा मालक हा खम्पान. वय एकसष्ट, शाळा चौथीपर्यंत. आणि मी, बावीस वर्षं इंग्रजी शिकवणारा माणूस. आमच्या वाचनालयात दर रविवारी स्क्रॅबलचा डाव बसतो आणि अकरा वर्षं तिथे माझा पहिला नंबर होता, हे तुला माहीत आहेच (मी दर वर्षी कळवत होतो). तीन वर्षांपूर्वी हा गृहस्थ शेवयांचे डबे द्यायला म्हणून आला आणि पटाकडे बघत उभाच राहिला. मला म्हणाला, "गुरुजी, ही अक्षरं कशीही लावली तर चालतात का हो?" मी हसलो, आणि जुन्या शब्दयादीची एक प्रत त्याला देऊन टाकली. ताई, माझ्या हातून आयुष्यात झालेल्या चुकांमध्ये ही पहिली. दुसरी पुढे येते.

त्याने काय करावं? दुकानाची भिंत काळी रंगवली आणि खडूने शब्द लिहायला घेतले. त्याच त्या अक्षरांचे जितके शब्द होतात तितके एका ओळीत. ईट, टी, एट, तीच तीन अक्षरं, जागा तेवढ्या बदललेल्या. त्याच ओळीत शेवटी ईटा, हे ग्रीक लिपीतल्या एका अक्षराचं नाव. त्याखाली स्टॉप, स्पॉट, पोस्ट. शेवया उकळेपर्यंत एक ओळ पाठ, गिऱ्हाइकाचा वाडगा भरेपर्यंत दुसरी. अर्थ एकाचाही नाही! टी म्हणजे चहा हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि दिवसाला आठ पेले पीत होता.

रविवारी तो माझ्या बाजूच्या पटावर खेळायला लागला, मग समोर, आणि मग पहिल्या नंबरावर. माझे विद्यार्थी शिकवणी संपली की त्याच्या भिंतीपुढे जाऊन बसतात. ते एक वेळ चाललं असतं, पण रबियाप! संध्याकाळी पिशवीत शेवया बांधून आणते आणि वाढता वाढता म्हणते, "काकांचे नऊशे शब्द झाले हो." माझे चौदा हजार आहेत, अर्थांसकट. ते तिने कधी मोजले? (मी सांगितल्यावर म्हणाली, "तुमचं कामच आहे ते.")

शेवटी मी भर दुपारी दुकानात गेलो. पाच टेबलं भरलेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "खम्पानकाका, एट म्हणजे काय, सांगा बरं?"

त्याने झारा थांबवला. "गुरुजी, अर्थाला गुण किती मिळतात?"

पाचही टेबलं हसली. मी वाडगा अर्धा टाकून आलो. (सगळा रस्सा पिऊन झाला होता, पण शेवया टाकल्या.)

आता दुसरी चूक. बँकॉकच्या स्पर्धेला जिल्ह्यातून एकच जण जाणार, आणि अंतिम डाव आम्हा दोघांचा. निम्मं गाव वाचनालयात. रबियाप त्याच्या बाजूला बसली होती, म्हणे तिथे पंखा आहे. शेवटाकडे मी चार गुणांनी पुढे, हातात सात अक्षरी शब्द तयार. आणि त्याने तीन सोंगट्या ठेवल्या: टी, ए, आय. ताय!

ताई, ताय म्हणजे मरणं हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. हा माणूस आपलाच थाई शब्द इंग्रजी म्हणून खपवतो आहे! मी उठून उभा राहिलो आणि हरकत घेतली. इतक्या जोरात की बाहेरचं कुत्रं भुंकलं. पंचांनी यंत्रात शब्द घातला. हिरवा दिवा. शब्द चालतो. हरकत चुकली, माझी पाळी गेली, माझ्या सात अक्षरांसकट डावही गेला. खम्पान मलाच विचारतो, "गुरुजी, काय असतं हो ते?" मला सांगता आलं नाही. बावीस वर्षं आणि चौदा हजार शब्द, आणि मला सांगता आलं नाही. घरी येऊन कोश उघडला. मासा आहे. समुद्रातला. जपानात शुभकार्याला खातात.

चार दिवस मी त्या रस्त्याने गेलो नाही. पाचव्या संध्याकाळी तोच दारात. हातात शाळेच्या पोरांची असते तशी वही, त्यात सगळ्या ओळी उतरवलेल्या, प्रत्येक शब्दापुढे जागा कोरी. म्हणाला, "अर्थ भरून द्या."

"आता कशाला? जिंकलात की."

मग त्याने सांगितलं. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली. नात सहा वर्षांची, तिला आपली भाषा येत नाही. फोनवर हा भिंतीवरच्या ओळी म्हणून दाखवतो, ईट, टी, एट, आणि ती खदखदून हसते. तेवढ्यासाठी भिंत भरली. डाव जिंकणं हे मधेच झालं. आता स्पर्धेच्या आठवड्यात ती बँकॉकला येते आहे. "समोर आल्यावर नुसतं हसवून भागेल का, गुरुजी?"

खरं सांगू? मला त्याची दया आली नाही. मला वाटलं, बघा, याला हसणारी नातसुद्धा आहे.

वही मात्र ठेवून घेतली.

तुझा धाकटा,
थवी

ता. क. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं बँकॉकला तुझ्याकडे येतो आहोत. त्याला स्पर्धेचं बोलावणं आहे, मी अर्थ सांगायला. आठवडाभर खालची खोली देशील ना? खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. त्याला स्वयंपाकघरात शिरू देऊ नकोस. त्याच्या हातचं एकदा खाल्लं की भावोजीही त्याच्या बाजूला बसतील.

ता. क. ३. नातीला "किती मोठी झालीस" इंग्रजीत कसं म्हणायचं ते रोज शिकवतो आहे. शब्द त्याला पाठ आहेत, वाक्य होत नाही. समोर कुणी नसलं तर जीभ वळत नाही म्हणतो, म्हणून नात होऊन मी बसतो. काल पहिल्यांदा वाक्य बरोबर आलं, आणि त्या भरात त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या डोक्याला हात लावलेला मी कुणाचा खपवून घेत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा.