तलावावरची पंधरा झाडं

नान, थायलंड
२ नोव्हेंबर २०२५

चि. खेमराज भाऊजी यांस शांतीवहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुम्ही माझं वाक्य मधेच तोडता, म्हणून पत्र लिहिते आहे. त्याचा फोटो पुष्पांजलीच्या मोबाईलवर येईल. लेकीकडून वाचून घ्या. एका हिंदू बाईचं बौद्धांच्या सहलीत काय काम, असं निघताना विचारलंत. ही सहल काढणाऱ्या निर्मलाबाई आणि मी वीस वर्षं एकाच शाळेत शिक्षिका होतो, एका डब्यात जेवलो, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

इथले डोंगर आपल्या नवेगावपेक्षा उंच, पण खाली धान तसंच, कापणीला आलेलं. सकाळी धुक्यातून भिक्खू अनवाणी येतात आणि न बोलता भिक्षा घेतात. गरम भात हातानं वाढताना बोटं भाजली, पण मी हात मागे घेतला नाही. पावसाळ्यातला वर्षावास संपला म्हणून चीवरदानाचे, भिक्खूंना नवी वस्त्रं द्यायचे दिवस आहेत. काल त्यांनी तसंच भगवं कापड ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या झाडांना गुंडाळलं आणि मंत्र म्हटले. झाडाला अशी दीक्षा दिली की त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही, असं कळलं. मला रडू आलं.

आपल्या तलावाच्या वरच्या अंगाची पंधरा झाडं तुमची समिती तोडणार, का तर पक्षी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहाव्यात. त्या मुळांनी अडवलेला गाळ तलावात उतरला तर पाणी कुठे राहील? आपण कोहळी. तलाव बांधणाऱ्यांच्या घरात हे सांगावं लागतं, याची लाज वाटते. मी ती झाडं तुटू देणार नाही. माझ्या धाकट्या जावेला, सुशिलाला आशीर्वाद.

तुमचं भलं चिंतणारी,
शांतीवहिनी


४ नोव्हेंबर

ती. गं. भा. शांतीवहिनी यांस खेमराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. स्वतः विमानानं पर्यटन करायचं आणि आमच्या गावात पर्यटक आले की नाक मुरडायचं, हे बरं आहे. तिकडच्या लोकांनी झाडाला कापड बांधावं, ते त्यांचं. इथे समितीचा ठराव झालाय, अध्यक्ष मी आहे. गुरुवारी सकाळी बकाराम झाडं तोडायला माणसं घेऊन येतोय. सुशिलानं विषय काढला, तिलाही सांगितलं की बायकांनी यात पडू नये.

थंडी असेल तर कान बांधून फिरा. तुमची काळजी वाटते म्हणून चिडतो, एवढं ध्यानात ठेवा.

आपला,
खेमराज


४ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. पुष्पांजलीस काकूचे खूप आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. ते मला अजून गं. भा. लिहितात, जसं काही मला नावच नाही. तुझे काका गेल्यापासून चार वर्षं माझ्या रंगीत साड्या लोखंडी पेटीत पडून आहेत. नेसले की लोक बघतात, नाही नेसले की साड्या कुजतात. किल्ली देव्हाऱ्यामागे आहे.

चांगल्या नऊ निघतील. गुरुवारी उजाडायच्या आत त्या तलावावर ने आणि झाडांना नेसव. माझा शालू मोठ्या मोहाला. भिक्खूंचं भगवं आपल्याकडे कोण जुमानणार? पण वहिनीच्या पदराला दीर हात लावत नाही, आणि बाईच्या पदराला गावातला कुणी. सहा झाडं उघडी राहतील, त्याला इलाज नाही. बाबा ओरडले तर सगळं माझ्यावर ढकल. मी कुणाला भीत नाही, तूही भिऊ नकोस.

तुझ्यावर भरवसा असलेली,
काकू


७ नोव्हेंबर

ती. शांतीवहिनी यांस खेमराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. काल बकाराम कुऱ्हाड घेऊन आला, मोहासमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, "मालक, बाईच्या पदराले कुराड लावाले मले नाही जमत. तिसरीत त्यायनंच मले लिवाले शिकवलं." त्याची माणसं बांधावर बिडी ओढत बसली. मी स्वतः पुढे झालो. तुमच्या शालूपाशी हात नेला आणि तसाच खाली आणला. दादा त्या शालूत तुम्हाला घरी घेऊन आले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो.

मग म्हटलं, उघडी सहा तरी तोडू. आज पहाटे परत गेलो, तर एकही झाड उघडं नव्हतं. कुणाकुणाच्या घरातून रात्रीत साड्या आल्या, विचारलं तर कुणी सांगत नाही. पुष्पांजलीला दटावलं, तर म्हणते, सहातली एकही तिनं बांधली नाही. ठराव मी मागे घेतोय. गाड्या शाळेच्या मैदानात लागतील. हे तुमच्यासाठी करतोय असं समजू नका.

ओढ्याकडच्या शेवटच्या अर्जुनाला निळी साडी आहे, पिवळ्या काठाची. ती कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. मागच्या दिवाळीला तिरोड्याहून मीच सुशिलासाठी आणली होती.

रागावलेला, पण तुमचाच,
खेमराज