चार्ज दिला, चार्ज आला

१२ जानेवारी १९३७, मंगळवार

आज ह्यांनी स्टेशनचा चार्ज दिला. सकाळच्या पॅसेंजरने तिवारीबाबू उतरले, पत्र्याची ट्रंक आणि तांब्या घेऊन. रायपूरकडचे. ह्यांनी त्यांच्यापुढे सगळं मांडलं: तिकिटांचं कपाट, किल्ल्या, तारयंत्र, बावटे, कंदील. एका कंदिलाची काच तडकलेली आहे, तीही आपणहून दाखवली. मग घरी आले. स्टेशन ते क्वार्टर हाकेचं अंतर, पण आज पाहुण्यासारखे आले, दाराशी थांबून.

गेल्या आठवड्यात आमच्या फाटकावर मालगाडीने धानाची बैलगाडी उडवली. एक बैल जागीच गेला. दसरू गाडीवानाचा पाय मोडला, तो गोंदियाच्या दवाखान्यात आहे. फाटकाची साखळी निघालेली होती. गाडी येण्याआधी फाटक बंद करवून घ्यायचं काम स्टेशनमास्तरचं, म्हणून ह्यांच्यावर चार्ज. कोर्टात उभं राहायचं, निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही.

म्हणजे चार्ज दिला तिवारीबाबूंना आणि चार्ज आला ह्यांच्यावर. इंग्रजांना शब्दांची इतकी टंचाई का, देव जाणे.

ह्यांनी मनीराम पाइंटमनला आज तिसऱ्यांदा विचारलं, "फाटक लाव म्हणून मी तुला सांगितलं होतं ना रे?" तो म्हणाला, "तुमी सांगतलं, मी साकरी लावली." ह्यांचं समाधान नाही. म्हणतात, तो माझ्या भिडेखातर बोलतो.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळ भाजले, पण गुळाचा पाक पुढे गेला. लाडू दगड झाले. तिवारीबाबूंना (इथून पुढे ति.बा.) दिले तर त्यांनी दाढेखाली धरून मोठ्या सभ्यपणे फिरवत ठेवले. बोलणं गोड कसलं, बोलताच येईना.

दुपारी मनीरामची बायको बुधाबाई हळद-तेलाची वाटी घेऊन आली. गरम केलेलं. मागे आणखी दोघी. मला कळेना. बुधाबाई हळूच म्हणाली, "मास्तरच्या पाठीले लावा. सूज उतरते."

"पाठीला काय झालं?"

"आता कायले लपवता बाई. मास्तरवर चार्ज झाला म्हणून गावात सारेच बोलून रायले."

तेव्हा उलगडलं. पेपरात लाठीचार्जच्या बातम्या येतात, बाजारात कुणी मोठ्याने वाचतो. गावाला चार्ज म्हणजे तेवढाच ठाऊक. गावभर झालं की मास्तरला साहेबांनी लाठीने मारलं. मी हसू दाबत सांगितलं की हा चार्ज कागदावरचा, अंगावरचा नाही. तिला पटलं नाही. वाटी ठेवून गेली.

हे आतून सगळं ऐकत होते. नंतर म्हणाले, "ठेव ती वाटी. लागेल." हसत म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

१९ जाने.

जेवण निम्मं टाकतात. वहाण घालून फाटकापर्यंत जातात, साखळीकडे बघतात, परत येतात. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करतो.

मला करमेना म्हणून ह्यांची जुनी डिक्शनरी काढली. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले ते अगदीच वाया गेलेलं नाही, बोट ठेवून ठेवून वाचता येतं. चार्जला जवळजवळ अर्धं पान. मालाचं भाडं म्हणजे चार्ज. बंदुकीत ठासायची दारू म्हणजे चार्ज. सैन्य चालून जातं तो चार्ज (म्हणजे बुधाबाई अगदीच चुकली नव्हती). कुणाच्या स्वाधीन केलेलं काम, कुणाच्या स्वाधीन केलेलं मूलसुद्धा. शेवटी आरोप. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की मूळ शब्द लॅटिन, त्याचा अर्थ गाडी. गाडीवर ओझं चढवणं, ते चार्ज करणं. मग जे जे कुणावर लादता येतं ते सगळं चार्ज झालं: काम, पैसा, दोष.

मला फार मौज वाटली. एका बैलगाडीतून एवढा पसारा निघाला, आणि आमच्यावर आला तोही बैलगाडीपायीच. ह्यांना सांगायला धावले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे माझं काय चाललंय आणि तुला शब्द सुचतात."

रागच आला. मी काय सण साजरा करत होते? घरात दोघंच, त्यातलं एक बोलेना, तर दुसऱ्याने डिक्शनरीशी बोलायचं नाही तर कुणाशी? भाजीला मीठ घातलं नाही. मुद्दाम नव्हे, पण नंतर आठवूनही घातलं नाही. ह्यांनी अळणी भाजी मुकाट खाल्ली. त्याने जास्तच रडू आलं.

२ फेब्रुवारी

तारीख लागली, पुढचा मंगळवार. दसरू उठून बसतो म्हणतात, त्याची जबानी होणार. त्याचा भाऊ बाजारात सांगत फिरतो की फाटक सताड उघडं होतं. दसरू स्वतः काय म्हणतो कुणालाच ठाऊक नाही. बैल गेला, पाय गेला, तो कशाला आमच्या बाजूने बोलेल?

बुधाबाई म्हणते, "मी परतापगडच्या महादेवाले नारळ बोलली. दर्ग्यावरबी बोलली. एक नाही त एक आयकंल." मी दोन्ही नारळ माझ्याकडून म्हटलं.

आज हे आपणहून बोलले. एवढंच: "खरं सांगू, मला आठवत नाही."

काय आठवत नाही, ते मी विचारलं नाही. कळलं. मनीरामला सांगितलं की नाही, तेच आठवत नाही. रोज सांगतात, वर्षानुवर्षं सांगतात, म्हणून त्या दिवसाचं वेगळं असं काही आठवत नाही. नोकरीची काळजी आहेच, पण ह्यांना खातं ते हे. आपल्या हातून झालं असेल तर.

मी पोळी वाढली. दुसरं काय करणार?

८ फेब्रु., सोमवार

हे दुपारच्या गाडीने गोंदियाला गेले. स्वतःच्याच स्टेशनात खिडकीशी उभं राहून तिकीट काढलं. ति.बा. म्हणाले, "आप से क्या टिकट, मास्टरजी," तरी पैसे ठेवले. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. वकिलाला द्यायला म्हणून आमच्या परसातली पपई. मी नको म्हटलं होतं, पपई घेऊन कोणी कोर्टात जातं का?

९ फेब्रु.

लिहवत नाही, तरी लिहिते.

चारच्या सुमारास ति.बा. दाराशी आले. टोपी हातात. आत बोलावलं तर येईनात. म्हणाले, "भाभीजी, गोंदिया से तार पर खबर है। मास्टरजी डिसचार्ज हो गए।"

मी उभीच राहिले. ते खाली बघत होते. म्हणाले, "ऊपरवाला देखता है," आणि गेले.

रेल्वेत डिसचार्ज म्हणजे काय ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. गेल्या साली रुळांच्या गँगमधले दोघे डिसचार्ज झाले, आठवड्यात चंबूगबाळं आवरून गेले. नोकरी संपली. दसरू बोलला असणार आमच्या विरुद्ध. त्याला तरी काय म्हणू.

भांडी फळीवरून काढली. पातेल्यात पातेली बसवली. चादरीत कपडे बांधले. नागपूरला दादाकडे जाऊ, वहिनी तोंड वाकडं करील, करू दे. क्वार्टर रेल्वेचं, भिंतीतला खिळासुद्धा आपला नाही.

बुधाबाई आली. "काऊन रडून रायल्या बाई?" सांगितलं. ती खाली बसली आणि माझ्या बरोबरीने गाठोडी बांधू लागली. माझ्यापेक्षा गाठ चांगली मारते.

१० फेब्रु., बुधवार



सकाळच्या पॅसेंजरने हे आले. मी दारात गेले नाही, तोंड कसं बघू असं झालं होतं. तर हे जिलेबीचा पुडा घेऊन आत. गाठोड्याला अडखळले. म्हणाले, "कुठे निघालीस?"

"तुम्ही डिसचार्ज झालात ना?"

"झालो की."

"मग निघायला नको?"

माझ्याकडे बघत राहिले, मग भांड्यांकडे, मग परत माझ्याकडे. आणि जे हसायला लागले ते गाठोड्यावरच बसले. कोर्टात डिसचार्ज म्हणजे आरोपातून मोकळा. मॅजिस्ट्रेटनेच केलं. चढवलेलं ओझं उतरवलं, घरी जा म्हणाले. तोच शब्द रेल्वेच्या तोंडी आला की भाकरी जाते आणि कोर्टाच्या तोंडी आला की अब्रू परत येते. ह्या शब्दाला धरून एकदा धोपटलं पाहिजे.

ति.बा. धावत आले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा. पुन्हापुन्हा हात जोडत होते. मी त्यांना चार जिलेब्या दिल्या, कालच्या दुःखाच्या आणि आजच्या सुखाच्या मिळून.

मग ह्यांनी सांगितलं. दसरूला खुर्चीवर बसवून आणलं होतं. सरकारी वकिलाने विचारलं, फाटक उघडं होतं ना? तो म्हणाला, "लावून होतं. साकरी मीच काढली. बैल चमकून रायले होते, मले घाई होती." वकील म्हणाला, नीट आठवून बोल. तर हा म्हणे चिडला: "माहा बैल मेला माह्या घाईनं. त्याचं पाप मास्तरवर कायले टाकू?"

"म्हणजे मी सांगितलं होतं," म्हणाले. "मनीरामने लावलं होतं. मी सांगितलं होतं." चारपाच वेळा तेच. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं.

इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं. गाठोडी सोडली. बुधाबाईच्या गाठी सुटेनात, एक कापावी लागली. पपईचं विचारलं. वकिलाने तिथेच चिरून खाल्ली म्हणे.

१३ फेब्रु.

चार्ज मात्र परत मिळालेला नाही. कोर्ट वेगळं, रेल्वे वेगळी. वरचे साहेब कागद बघून ठरवणार: कामावर घ्यायचं, दुसरीकडे पाठवायचं, की त्यांच्या अर्थाने डिसचार्ज. ति.बां.ना विचारलं तर ते कानाला हात लावतात, म्हणतात, मैं अब इस शब्द का मतलब किसी को नहीं बताऊँगा.

हे दसरूच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं? "काही नाही. बसलो. त्याने विडी दिली." हे विडी ओढत नाहीत. ओढली म्हणाले.

जेवण पूर्ववत. आज भाजी तिखट झाल्याची तक्रारही केली. ऐकून बरं वाटलं.

२० फेब्रु., शनिवार

ति.बा. दुपारी सांगून गेले: उद्या सकाळच्या गाडीने साहेब येतात, कागद त्यांच्याबरोबर आहे. कागदात काय ते ति.बां.ना माहीत नाही. खरंच माहीत नाही, चेहऱ्यावरून कळतं.

मला वाटलं आता पुन्हा फाटकाच्या फेऱ्या सुरू. हे ऐकून "बरं" म्हणाले, जेवले, अंगणात खाट टाकली. मी म्हटलं, "काय होईल हो?" म्हणाले, "घेतील तर काम करीन. नाही घेतलं तर दुसरं बघू. माझ्या हातून झालं नव्हतं, एवढं मला कळलं. आता साहेबांनी काय लिहायचं ते लिहावं."

आणि झोपले. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, घोरत. महिन्याभरात ह्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मालगाडी शिट्टी देऊन गेली तरी कूस बदलली नाही.

मी ह्यांचा स्टेशनवरचा काळा कोट काढून उन्हात टाकला. कॉलरचा डाग पाण्याने पुसला. वरून दुसरं बटण लोंबत होतं, ते घट्ट लावून ठेवलं. उद्या लागला तर कोट हाताशी हवा.