जजसाहेबांची बटणं

५ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

शाळेच्या गायनात तू ओळीच्या मध्येच थांबायचीस, आठवतं? पापण्या फडफडायच्या, नजर छताला लागायची आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच तू गाणं उचलायचीस, सगळ्यांच्या एक ओळ मागे. सिस्टर म्हणायच्या, ही देवदूतांना भेटून आली. मी मागून वेणी ओढायचे, पण देवदूत काही तुला सोडायचे नाहीत.

आता माझी पाळी आली आहे. परवा जजसाहेब जाकिटाचं माप बघायला दुकानात आले. माझ्या पोटातून काहीतरी वर चढलं, रबर जळल्याचा वास आला आणि पुढचं काही आठवत नाही. हे सांगतात की मी काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवत साहेबांच्या जाकिटाची बटणं काढत सुटले, आणि जाकीट संपल्यावर सदऱ्याकडे वळले. साहेब भिंतीला टेकले आणि आपलं लग्न झालेलं आहे, एवढंच म्हणाले म्हणे.

मागे टपालवाल्याच्या कोटाचंही हेच झालं होतं. डोकं फिरत चाललंय माझं, दुसरं काय? दुकानाला कुलूपच लावते. मशीन तुला, मोठी कात्री सूनबाईला, बटणांचे डबे शेजारच्या आजींना. नाही म्हणू नकोस.

लोभ असू दे, मी शुद्धीवर आहे तोवर तरी.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग स्वतःची बटणं चाचपून पाहिली. मशीन मला नको. मला अजून सुईत दोरा ओवता येत नाही, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

तुझं डोकं फिरलेलं नाही. मला वाटतं, ही फीट आहे. फीट म्हणजे जमिनीवर पडून झटके येणं, एवढंच आपण समजतो. पण माझे देवदूत म्हणजेसुद्धा फीटच होती. माझ्या मेंदूत सगळीकडे एकदम काही क्षण दिवे जायचे आणि परत यायचे. गोळ्या घेतल्या, वय वाढलं आणि ते थांबलं. तुझा गोंधळ बहुधा मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होतो. आधी तो वास, मग तू हरवतेस आणि हात आपले आपण चालतात. शिंपिणीचे हात बटणांवरच जाणार! लोहारीण असतीस तर जजसाहेबांचं काय झालं असतं?

पण मी डॉक्टर नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि भावोजींना बरोबर ने. घडलेलं त्यांनीच पाहिलंय, तू तर तेव्हा हजरच नसतेस. तोवर मशीनवर एकटी बसू नकोस, पण दुकान वाटून टाकायचीही घाई नको.

शहाणपणा शिकवला म्हणून लोभ आटवू नकोस.

तुझी धाकटी

२९ मे

चि. धाकटीस, अ. उ. आ.

डॉक्टरांकडे निघायच्या सकाळीच मोठी फीट आली. अंग ताठ झालं, मग झटके. ह्यांनी धावत जाऊन लाकडी चमचा माझ्या दातांत कोंबला. चमचा मोडला, एक दातही गेला. डॉक्टरांनी ह्यांना असं झापलं की हे बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखे दिसत होते. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका.

डोक्याला तारा लावून आलेख काढला. तू म्हणालीस तेच निघालं: एका कोपऱ्यातली ठिणगी, त्या दिवशी सगळीकडे पसरलेली. गोळी आधी थोडी, मग वाढवत नेली. सुरुवातीला मी इतकी पेंगायचे की एका पॅन्टला तीन पाय जोडले. आता बरेच आठवडे सगळं शांत आहे. गोळी चुकवायची नाही, जागरण नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही. या गोळीने भागलं नसतं तर दुसऱ्या गोळ्या होत्या, कुणाकुणाला तर शस्त्रक्रियाही करतात.

कुणी जवळ असलं तर मशीन चालवायला डॉक्टरांनी परवानगी दिली. लगेच दुकान उघडलं. जजसाहेबही आले, बिनबटणांचा स्वेटर घालून.

लोभ आहे तेवढा पुरतो, पण जास्त आला तर परत करणार नाही.

तुझी ताई

ता. क. वाटणी नव्याने ऐक. जाकीट जजसाहेबांना, सगळी बटणं शुद्धीत लावली आहेत. मोडका चमचा ह्यांना, आठवण म्हणून. तीन पायांची पॅन्ट ज्याला होईल त्याला. कात्री, डबे आणि मशीन माझ्याकडेच. तुला या पाकिटात एक सुई, दोरा ओवलेली.