मरडोकाकांनी इंजिन बंद केलं तेव्हा

डाउटफुल साउंडची खाडी, बोटीवरून

माझ्या हट्टी बाबा,

मी मजेत आहे. अंथरूण उबदार आहे आणि खडकांवरचे सील तुमच्यासारखेच जेवल्यावर घोरतात. आत्या झोपताना तुम्हाला ऑक्सिजनचं मशीन लावते ना? "विसरलो" म्हणू नका.

रात्री नांगर टाकला होता. पहाटे निघालो, तर धुकं इतकं खाली आलं, की कडे नुसते टांगल्यासारखे दिसत होते. मी सहलीच्या पाहुण्यांसाठी अंडी तळत होते, तेवढ्यात आमच्या कप्तानाने, मरडोकाकांनी, रोजच्यासारखं इंजिन, जनरेटर, सगळं बंद केलं. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही की हलायचं नाही, नुसती खाडी ऐकायची. माझा तवा मात्र चुरचुरतच राहिला.

काकाच ओरडले, "पोरी, त्या अंड्यांनाही गप्प कर! तुझ्या बापानं तीस वर्षं इथे शेवंडं धरली, पण तोंडातून शब्द नाही. तू कुणावर गेलीस गं?"

गॅस बंद करून मी डेकवर आले. धुक्यातून आवाज आला, फूऽऽ. डॉल्फिन दिसत नव्हता, नुसता त्याचा श्वास. मग बराच वेळ काहीच नाही.

बाबा, गेल्या हिवाळ्यात मी तुमच्या दाराबाहेर अशीच उभी राहायचे. तुमचा एक श्वास ऐकायचा, आणि पुढचा येईपर्यंत आपला रोखून धरायचा. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढचा श्वास आला, बाबा. अगदी बोटीपाशी. माय होती, कुशीला पिल्लू, त्याचा श्वास एवढासा.

अंडी अर्धी कच्चीच राहिली. पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्ली.

मशीन लावून झोपा.

तुमच्या दाराबाहेर अजूनही उभी असलेली,
मराया