आईला तोंड दाखवायला गेला म्हणून

तीर्थस्वरूप दादास धाकटीचा नमस्कार.

वहिनीने पाठवलेली शाल आणि दोन चादरी पोचल्या. टपालखर्चात तिसरी चादर आली असती, पण ऊब छान आहे. तिचा गुडघा कसा आहे?

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. जामिनावर सुटलेल्या तरुण पोरांना मार्गी लावायचं यांचं काम तुला ठाऊकच आहे. त्यातला आमचा उंट, म्हणजे तो ताडमाड वेल्डर, पुन्हा आत गेला. चोरी नाही, मारामारी नाही. त्याची आई अंथरुणाला खिळलीय. हेच त्याला म्हणाले, "अरे, जन्मदात्रीला तोंड तरी दाखवून ये." तिच्या गल्लीत पाऊल टाकायला त्याला कोर्टाची बंदी आहे, हे यांच्या ध्यानातच राहिलं नाही. पोलिसांनी दारातच धरला. आई आतून हाका मारत राहिली.

आम्ही भेटायला गेलो, तर तोच यांना म्हणतो, "काका, तुम्ही जेवत जा. माझं इथं फुकटात चाललंय." तिथे हे हसले. घरी येऊन भरल्या ताटावरून उठले. रोज तेच चाललंय.

परगावी कोणी छप्पर आणि काम देत असेल तरच न्यायाधीश त्याला सोडणार आहेत. सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. दादा, तुझ्या कारखान्यात त्याला ठेवशील का? वहिनीला विचारल्यावाचून हो म्हणू नकोस. नाही म्हणायचं असेल तर पत्र माझ्या नावाने घाल, यांच्या नको. काहीही असो, उलट टपाली कळव.

तुझी,
धाकटी