पहिली पसंती

चि. महानंदा,

वर्गात मी शिकवलेली कविता तू म्हणायचीस, तो खणखणीत आवाज अजून कानात आहे. लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी तुझ्या प्रवेशाच्या फॉर्मवरची डॉक्टरकीची पहिली पसंती मी गुपचूप खोडली अन् दातांची लिहिली. आपल्या पोरीला रात्रपाळी नको, स्थळ लवकर जमेल, एवढंच डोक्यात होतं. तुला म्हणालो, ‘मार्क कमी पडले.’

यंदाच्या दुष्काळात टँकरच्या पाण्यानं तुझ्या आईला जुलाब लागले. तिचा हात धरून तू म्हणालीस, ‘अण्णा, मला नुसते दातच कळतात हो.’ डॉक्टर आला तोवर ती गेली होती.

आत्ता कडी वाजली. दारात तू. ‘चला अण्णा, नांदेडला माझ्यासंग राहा.’ तू आत माझे कपडे भरते आहेस. हे पत्र तुला देणं माझ्याच्यानं होत नाही.

तुझा अपराधी,
अण्णा