फाट्यावरची लाल फुली

माय, मी गाडीत लावायला रस्ता सांगणारं एक यंत्र घेतलंय. तुला गाडीचंही ठाऊक नाही, म्हणून आधी तेच सांगते. तू गेलीस त्या वर्षी माझी मुलगी रांगत होती, आता ती कॉलेजला जाते. मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका झाले आणि बदली तळोद्याला मिळाली. नंदुरबारहून रोज जायचं-यायचं, आणि तिथून पुढे डोंगराच्या पायथ्याचे पाडे फिरायचे. जीपच्या मागच्या फळीवर लटकून ते होईना, म्हणून जुनीच एक लहान गाडी घेतली. मी ती चालवते. तू शेजारी बसली असतीस तर दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसली असतीस, आणि माझ्या या शाळेतल्या भाषेला हसलीही असतीस. पण पत्र लिहायला बसलं की माझ्या हाताला हीच भाषा येते.

यंत्र घ्यायला नंदुरबारच्या बाजारात गेलो होतो, मी आणि आमचे हे. गाड्यांचं सामान विकणारं दुकान, सीट कव्हरांचा वास भरलेला. दुकानदार चाचांच्या घराण्याचं दुकान तिथं फार जुनं, त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथं सायकलींचे सुटे भाग मिळायचे. त्यांनी आधी सगळ्यात मोठं काढलं. "ये देखो ताई, इसमें गाना, पिक्चर, पीछे का कॅमेरा, सब आता है." मी म्हटलं, गाडी चालवताना पिक्चर कोण बघणार? "साहेब बघतील ना. तुम्ही चालवा, ते बघतील." हे लगेच खूश. "घे ना मोठंच, रोजचं काम आहे तुझं." मी नाही म्हटलं. रोजचं काम आहे म्हणूनच मला साधं हवं होतं. नेट लागायला नको, कारण पायथा सुरू झाला की मोबाइलचा टॉवर जातो आणि फोनवरचा नकाशा जागच्या जागी गोठून बसतो. उन्हात काच दिसली पाहिजे. बटणं बोटाला कळतील एवढी मोठी हवीत. आणि किंमत अशी हवी, की काचेवरून निखळून पडलं तरी घरी बोलणी खायला लागू नयेत. चाचांनी मग खालच्या फळीवरून एक लहान, जाडसर डबी काढली. नकाशा तिच्या आतच भरलेला, वर्षातून एकदा दुकानात आणली की नवा भरून मिळतो. मागं रबराची चकती, ती काचेला चिकटते. आत एक बाई बोलते, हिंदीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करतात तशी. "गरीब है लेकिन सीधी है," चाचा त्या डबीबद्दल म्हणाले. ह्यांचं तोंड उतरलं, पण मला ती पसंत होती.

मग मी विचारलं, यात एखादी जागा टाळता येते का? म्हणजे तिथून रस्ता काढूच नकोस, असं तिला सांगता येतं का? "टोल टाळायचाय?" "नाही, एक फाटा आहे. त्याच्या पुढचा रस्ता फार खराब आहे." चाचांनी नकाशा बोटानं मोठा करून दाखवला. त्या जागेवर बोट दाबून धरायचं, लाल फुली उमटते, मग ती बाई तुम्हाला त्या बाजूला नेतच नाही. मी तिथंच, काउंटरशी उभी राहून, बोट दाबून धरलं. फुली उमटली. ह्यांनी मान डोलावून म्हटलं, "चांगली सोय आहे." माय, तो रस्ता अजिबात खराब नाही. गुळगुळीत डांबरी आहे, नवा केलेला.

तो फाटा तुझा आहे. तू स्वयंपाक करायचीस त्या आश्रमशाळेकडे वळतो तोच. सगळी मुलं जेवून उठली की तू आणि तुझ्याबरोबरची, वरकाम करणारी कामाठी बाई चुलाण्याशी पाय पसरून बसायच्या. ती पलीकडच्या पाड्यावरची, घरी त्यांची बोली बोलायची आणि तुझ्याशी तुझी अहिराणी. सुट्टीत मी तिथं यायचे तेव्हा ती माझ्या ताटात मुलांच्या पंगतीतली सगळ्यात फुगलेली भाकरी टाकायची आणि तू ओरडायचीस, पोरीला लाडावू नको म्हणून. मी तिला मावशी म्हणायचे. त्या काळातला एक दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. शाळेच्या जीपमधून आपण भाजी आणायला निघालोय, नेहमीचा रस्ता पुलाच्या कामानं बंद आहे, आणि मी खिडकीतून डोकं काढून शेतातल्या एका बाईला ओरडते, "ए, बाजाराचा रस्ता कुठून?" तू जीप थांबवायला लावतेस. "खाले उतर," म्हणतेस, "मंग इचार." ड्रायव्हर हसतोय, माझे कान तापलेत, पण मी उतरते, बांधापर्यंत चालत जाते आणि मातीत उभी राहून पुन्हा विचारते. ती बाई रस्ता तर सांगतेच, वर ओंजळभर हिरव्या मिरच्या देते. परत आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "आते बठ." त्यानंतर मी कधी गाडीत बसून कोणाला रस्ता विचारला नाही.

त्यामुळेच सगळं झालं. बदलीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी त्या बाजूला रस्ता चुकले, फोन गोठला, फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली एक म्हातारी बाई बसलेली दिसली. मी काच खाली करून विचारू शकले असते. गाडी बाजूला घेऊन उतरले, चिखल तुडवत तिच्यापर्यंत गेले. तिनं पाड्याची वाट सांगण्याआधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू तिन्ही आंडेर ना व? तुन्ही चाल तिन्हासारखीच शे." तुझी लेक म्हणून तिनं मला चालीवरून ओळखलं, आणि मी मावशीला ओळखलं तोवर तिनं माझा हात धरलाही होता. तोंडभर हसून तिनं विचारलं, "माय कशी शे?"

मी म्हणाले, "बरी शे."

मला अजून कळत नाही मी तसं का म्हणाले. तिचा चेहरा इतका उजळला होता, हे एक. पण तेवढंच नाही. कितीतरी वर्षांत मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. तू गेलीस हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत, त्यामुळे तू कशी आहेस हे विचारणारं माणूसच उरलं नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तू काम सोडून आमच्याकडं आलीस आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात गेलीस. शाळेला सुट्टी होती, तुझ्या वेळचे लोक बदलून गेले होते. पाड्यावर निरोप द्यायला मी जाणार होते, लेकरू लहान होतं, राहून गेलं. त्या दिवशी फाट्यावर तो निरोप माझ्या तोंडाशी आला होता, आणि मी त्याऐवजी "बरी शे" म्हणाले. परत येताना गाडीत मला इतकं हलकं वाटत होतं की लाजच वाटली.

त्यानंतर ती माझ्या फेरीच्या दिवशी शेडखाली बसून राहायची. माझी गाडी दिसली की उठायची. उन्हाळ्यात तिनं तुझ्यासाठी आमचूर दिलं. "तिले सांगजो, औंदा आंबा भलता उना." झाडं लगडली होती म्हणे. मग चारोळ्या दिल्या, मग एकदा वेलावरचा दुधी, फडक्यात गुंडाळून. दुधी आम्ही खाल्ला. आमचूर मला आमटीत टाकवेना आणि फेकवेना, फळीवर एकामागं एक डबे उभे राहिले, आणि ह्यांनी विचारलं, दुकान काढायचं का? मग मीही तुझ्याकडून वस्तू द्यायला लागले. गुडघ्याला लावायचं तेल. नंदुरबारची शेव. थंडीत एक शाल, मातकट रंगाची. "मायनं धाडी शे," मी म्हणाले, आणि तिनं ती शाल नाकाशी धरली. माय, तिला त्या शालीला तुझा वास आला. ती म्हणाली तसं.

त्या दिवशी मी घाबरले. तोवर मी स्वतःला समजावत होते की यात कोणाचं काय जातंय. पण आपल्याकडं माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, दुसऱ्या घरून भाकरी येते, आणि एका चुलीशी आयुष्य काढलेल्या बाईचा ती भाकरी आणण्याचा पहिला हक्क असतो. तुम्ही दोघींनी किती घरांसाठी अशा भाकऱ्या थापल्या, मी पाहिल्यात. तुझ्या वेळची तिची भाकरी मी अडवून ठेवली होती. तिचं रडणंसुद्धा. आता सांगायचं तर तू मेलीस एवढंच सांगून भागणार नव्हतं, शालीचंही सांगावं लागणार होतं. मला ते जमेना. म्हणून मी बाजारात जाऊन ते यंत्र विकत घेतलं.

यंत्रातली बाई मला कालव्याच्या बाजूच्या रस्त्यानं न्यायला लागली. लांबचा रस्ता, खडीचा, पण तिथं कोणी माझी वाट बघत बसलेलं नसायचं. "पाँच सौ मीटर बाद बाएँ मुड़ें." मी मुकाट्यानं वळायचे. तिला विचारायला उतरावं लागत नव्हतं, तिच्याशी खोटं बोलावं लागत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात ती लाल फुली मात्र दिसत राहायची.

ऊसतोडीचे दिवस आले आणि एका सकाळी कालव्याच्या रस्त्यावर ट्रॉली उलटली. उसाच्या मोळ्या आडव्या पसरलेल्या, दोन्हीकडून गाड्या अडकलेल्या. एका अंगणवाडीत बायकांना बोलावून ठेवलं होतं, जाणं भाग होतं. मी मागं वळले आणि फाट्याकडं निघाले. मावशी शेडखाली होती. अंगावर ती शाल, मांडीवर गाठोडं. मला पाहून ती हसली नाही. गाडीशी येऊन म्हणाली, "माय आजारी शे ना? म्हनीसन तू येत नही." मी काही बोलेपर्यंत ती दार उघडून माझ्याशेजारी बसली होती. रोज गाठोडं बांधून येते, म्हणाली, मी आले तर माझ्याबरोबर तुला भेटायला जायचं म्हणून. "माले ली चाल."

मी गाडी सुरू केली. काय करणार होते, मला माहीत नाही. यंत्रातली बाई बोलायला लागली, "कृपया यू-टर्न लें." मावशी दचकली.

"हाई कोन बोली ऱ्हायनी?"

"वाट दाखाडनारी बाई शे."

मावशीनं वाकून डबीकडं पाहिलं, मागं कोणी आहे का तेही पाहिलं. "इले तू खाले उतरीसन इचारस का?" आणि स्वतःच हसली. मग तिनं विचारलं, "इले तुन्हं घर माहीत शे?"

"शे."

"मंग इले सांग, तुन्ही मायकडे ली चाल."

मी गाडी थांबवली. खाली उतरले, समोरून वळसा घालून तिच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि रस्त्यावर उभी राहून तिला सांगितलं. "माय नही ऱ्हायनी, मावशी." आत ती बाई अजून यू-टर्न घ्या म्हणत होती. मावशीनं विचारलं, "कव्हय?" मी वर्ष सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग शालीच्या काठाकडं. "मंग हाई कोनी दिन्ही?" मी म्हटलं, मी. मला वाटलं ती शाल काढून माझ्या अंगावर टाकेल. तिनं ती काढली नाही, नुसती बोटांनी काठ चाचपत बसली. मोठ्यानं ती रडलीच नाही. तू असतीस तर हंबरडा फोडला असतास, ती तुझ्यासारखी नाही. मग तिनं विचारलं ते हे, "तव्हय भाकर कोनी करी?"

शेजारणींनी केली होती. तसं सांगितल्यावर तिनं गाठोडं सोडलं. तू आजारी म्हणून तिनं त्यात ज्वारीच्या भाकऱ्या बांधल्या होत्या आणि कोरडी चटणी. एक माझ्या हातावर ठेवली. "खाय." मी म्हटलं, मावशी, अंगणवाडीत बायका बसल्यात. "आते खाय," ती म्हणाली, तू "आते बठ" म्हणायचीस त्याच आवाजात. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी भाकरी खाल्ली. मधेच तिनं बाटलीतलं पाणी दिलं. मी खात होते तेवढा वेळ ती डोंगराकडं तोंड करून बसली होती आणि शालीनं डोळे पुसत होती.

फुली मी त्याच दिवशी काढली. बोट दाबून धरलं की पुसली जाते, लावताना लागला तेवढाच वेळ. आता ती बाई मला सरळ फाट्यावरून नेते. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की ओझं जाईल. उलट आता असं वाटतं की तुला दुसऱ्यांदा मीच नेऊन पोचवलं. सगळ्या जगात एका पत्र्याच्या शेडखाली तू बरी होतीस, तेवढीही जागा राहिली नाही. आमचुराचे डबे अजून फळीवरच आहेत. एक उघडला, आमटीत टाकलं, मुलगी म्हणाली आंबट झालीय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्याच फळीवर, डब्यांच्या मागं ठेवीन. मावशी अजून शेडखाली असते. फेरीच्या दिवशी मी उतरते, तिच्याजवळ घटकाभर बसते. आता ती तुझं विचारत नाही. माझा हात धरते आणि म्हणते, "तू कशी शे?" मी म्हणते, बरी शे. माय, तिला अजून सांगितलेलं नाही, पण तेही फारसं खरं नाही.